सॉफ्टवेअरचे बिऱ्हाड पाठीवर

अमेरिकेतील शेअर बाजार १ ऑगस्ट २०१२ रोजी नेहमीप्रमाणे सकाळी साडेनऊ वाजता उघडला आणि त्यानंतरच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या बड्या दलाल कंपनीचे दिवाळे वाजण्याची वेळ आली. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्या पुऱ्या करण्याच्या नादात तिच्या संगणकांनी लाखो आदेश बाजारात सोडले. १५४ कंपन्यांच्या समभागांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले, ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर्सची उलाढाल झाली आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून मोठा खड्डा पडला. कोणी दरोडा घातला नव्हता, कोणी विषाणू सोडला नव्हता, बाजारही कोसळला नव्हता. कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी सातांवर नवे सॉफ्टवेअर चढवले गेले होते आणि आठव्यावर चढवायचे राहून गेले होते, एवढेच निमित्त झाले.

किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना त्या दिवशी सुरू व्हायची होती. तिच्यासाठी लिहिलेला भाग २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर चढवला जात होता. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर सुटला. केलेले काम दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता. नव्या भागाला जागे करण्यासाठी जी खूण ठरवली होती, ती पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या, २००३ सालापासून वापरात नसलेल्या भागासाठी राखलेली होती. तो जुना भाग कोणी पुसून टाकला नव्हता. सात सर्व्हरना खूण मिळताच त्यांनी नवे काम सुरू केले. आठव्यावर मात्र नऊ वर्षे निद्रिस्त असलेला कुंभकर्ण उठला. मागणी पुरी झाली की थांबावे, हे त्याला सांगणारी मोजणी २००५ मधील एका फेरबदलात त्याच्यापासून तुटली होती. त्यामुळे तो थांबेना.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्या आदेशात दोन गोष्टी नोंदवलेल्या आहेत आणि त्या वाचताना आजही हळहळ वाटते. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते व त्यांत ‘पॉवर पेग’चा उल्लेखही होता, परंतु ती धोक्याची सूचना आहे असे कोणी मानले नाही. गोंधळ सुरू झाल्यावर तर दोष नव्या सॉफ्टवेअरचाच असणार असे समजून अभियंत्यांनी ते उरलेल्या सात सर्व्हरवरून काढून टाकले. परिणाम असा झाला, की तेही आठव्यासारखे वागू लागले. दोन दिवसांत कंपनीच्या शेअरचे तीन-चतुर्थांश मोल गेले आणि पुढच्या वर्षी ती गेटको या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

नाइटची ती यंत्रणा म्हणजे काही वेबसाइट नव्हती. परंतु बँकेचे संकेतस्थळ असो, तिकीट आरक्षण असो की घरपोच जेवण मागवण्याची सोय असो, तिच्यामागे आज एक संगणक नसतो. दहा, पन्नास, कधी हजारो सर्व्हर एकच सॉफ्टवेअर चालवत असतात आणि आपल्या मागणीला त्यांपैकी कोणता उत्तर देईल हे आपल्याला कळतही नाही. ते सगळे अगदी सारखे असले पाहिजेत. सॉफ्टवेअर लिहिणे हे कठीण काम आहे अशी लोकांची समजूत असते आणि ती खोटी नाही. मात्र लिहिलेले सॉफ्टवेअर जसेच्या तसे पन्नास ठिकाणी नेऊन ठेवणे, हेही या व्यवसायाने पुष्कळ ठेचा खाऊन शिकलेले काम आहे.

नेमके काय न्यायचे असते?

वेब अॅप्लिकेशन म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या काही फायली, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्या फायली म्हणजे हिमनगाचे टोक असते. त्या ज्या भाषेत लिहिल्या असतील त्या भाषेचा दुभाषा सर्व्हरवर असावा लागतो. पायथन, पीएचपी, जावा, जे काही असेल ते, आणि तेही योग्य आवृत्तीचे. इतरांनी लिहिलेल्या तयार आज्ञावलींचे संच, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते लागतात. त्या लायब्ररी आणखी लायब्ररींवर विसंबलेल्या असतात. त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतःचे संच, सुरक्षा प्रमाणपत्रे, टंक, घड्याळाचा विभाग अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. प्रोग्रामरच्या संगणकावर त्या कधीतरी येऊन बसलेल्या असतात आणि त्या तिथे आहेत याचा त्याला विसर पडलेला असतो.

मराठी पावती छापणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचेच पाहा. प्रोग्रामरच्या संगणकावर देवनागरी टंक असतो आणि जोडाक्षरे जुळवणारी लायब्ररीही असते, त्यामुळे त्याच्याकडे पावती सुरेख उमटते. तेच अॅप्लिकेशन भाड्याच्या सर्व्हरवर नेले की ‘श्रीकृष्ण’च्या जागी रिकामे चौकोन दिसतात किंवा सारी जोडाक्षरे पाय मोडून पडलेली दिसतात. कारण त्या सर्व्हरवर देवनागरीचा मागमूसही नसतो. घड्याळाचा घोळ तर याहून कपटी. बहुतेक सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर लावलेले येतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता कोणी पैसे भरले, तर अशा सर्व्हरच्या लेखी ती ३१ मार्चची रात्र असते. म्हणजे रक्कम थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते! प्रोग्रामच्या एकाही ओळीत चूक नाही, आणि तरी हिशेब चुकलेला आहे.

‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे वाक्य सॉफ्टवेअर कंपन्यांत विनोदाचा विषय झालेले आहे. पण ते म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या संगणकावर ते खरोखरच चालत असते. बिघडलेले असते ते सभोवतालचे जग.

यावरचा जुना उपाय म्हणजे प्रतिष्ठापनेची पुस्तिका. हे उतरवून घ्या, ते बसवा, अमुक फाइलमधील तमुक ओळ बदला, अशी पाने भरभरून लिहिलेली यादी. सर्व्हर दोन असतील तेव्हा ती पुरते. पन्नास झाले की माणूस दमतो, एखादी पायरी गाळतो, आणि गाळली हे त्याला आठवत नाही. शिवाय सर्व्हर तयार केल्यावर तो तसाच राहत नाही. मध्यरात्री काही बंद पडते, कोणीतरी घाईने आत शिरून एक दुरुस्ती करतो, ती वहीत नोंदवायची राहते. अशा दोन-तीन वर्षांनंतर एकाच दिवशी जन्मलेले पन्नास सर्व्हर पन्नास स्वभावांचे होतात. त्यांतला एखादा असा असतो, की तो बंद करून पुन्हा चालू करण्याची कोणाची छाती होत नाही. पुन्हा चालू होईलच याची खात्री कोणालाच नसते.

अर्धवट पेट्या

सारे एकत्र बांधून न्यावे ही कल्पना नवी नाही. जावा भाषेच्या जगात १९९९ च्या सुमारास ‘वॉर’ नावाची फाइल प्रचारात आली. नावावर जाण्याचे कारण नाही, ते ‘वेब अर्काइव्ह’चे संक्षिप्त रूप आहे. अॅप्लिकेशनची पाने, चित्रे, आज्ञावली आणि जावाच्या लायब्ररी या सगळ्याचे एकच गाठोडे करायचे आणि टॉमकॅटसारख्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचे. गाठोडे आपोआप सुटते आणि अॅप्लिकेशन चालू होते. त्या काळी ही मोठीच सोय होती आणि असंख्य बँकांची व सरकारी खात्यांची कामे अशा गाठोड्यांवर चालली. पण गाठोड्यात जावा स्वतः नव्हती, टॉमकॅट नव्हते, टंक नव्हते. पाहुणा कपडे घेऊन आला, अंथरूण-पांघरूण यजमानाचेच.

इतर भाषांमध्ये तर गाठोडेही नव्हते. लायब्ररींची नावे एका यादीत लिहायची आणि सर्व्हरवर पोचल्यावर त्या आंतरजालावरील सार्वजनिक भांडारातून उतरवून घ्यायच्या, अशी पद्धत रूढ झाली. तिच्यातला धोका मार्च २०१६ मध्ये जगाला दिसला. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची लायब्ररी तिच्या कर्त्याने एका वादानंतर काढून घेतली. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच तिचे काम. सारी मिळून अकरा ओळींची. पण तिच्यावर विसंबलेल्या लायब्ररींवर विसंबलेल्या लायब्ररी इतक्या होत्या, की ठिकठिकाणी नवी सॉफ्टवेअरे बांधली जाईनात. अखेर भांडाराच्या चालकांना ती लायब्ररी काही तासांतच परत ठेवावी लागली. आदल्या दिवशी तपासलेले आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर बसवलेले सॉफ्टवेअर एकच असेल, याची या पद्धतीत हमीच नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाचा उपाय होता आभासी संगणकाचा. व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांनी एका यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे चालवण्याची युक्ती सर्वसामान्य सर्व्हरवर आणली. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमसकट सारा संगणकच एका फाइलमध्ये बांधून नेता येऊ लागला. पेटी परिपूर्ण झाली खरी, पण भारी किती! चार मेगाबाइटच्या अॅप्लिकेशनसोबत काही गिगाबाइटची ऑपरेटिंग सिस्टिम वाहायची, आणि प्रत्येक वेळी ती सुरू होईपर्यंत वाट पाहायची. चहाचा कप न्यायचा तर स्वयंपाकघरच उचलून नेण्यासारखे ते होते.

भिंती घातल्या, घर तेच

मधला मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच होता. या गाभ्याला कर्नल म्हणतात; स्मृती, प्रोसेसर, डिस्क यांचे वाटप तो करतो. एकच कर्नल ठेवायचा आणि त्याच्यावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अशा भिंती घालायच्या, की प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटावे. युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला डिस्कचा ठरावीक भागच दाखवण्याची सोय १९७९ पासून होती. फ्रीबीएसडीने २००० साली तिला ‘जेल’, म्हणजे तुरुंग, असे रोखठोक नाव देऊन बरीच मजबुती आणली. लिनक्समध्ये हे काम तुकड्यातुकड्याने झाले. कोणाला कोणत्या फायली, कोणते जाळे, कोणते शेजारी दिसावेत हे ठरवणाऱ्या भिंती २००२ पासून एकेक करून उभ्या राहिल्या. आणि कोणी किती प्रोसेसर व किती स्मृती खावी याचे माप ठरवणारी यंत्रणा गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये लिहायला घेतली, ती जानेवारी २००८ मध्ये मूळ लिनक्समध्ये आली. गुगलला तिची गरज होतीच. त्या कंपनीचे सारे काम हजारो सर्व्हरवर विखुरलेले होते आणि एका यंत्रावर अनेक कामे एकमेकांना धक्का न लावता चालवल्याखेरीज खर्च परवडणारा नव्हता.

थोडक्यात, विटा तयार होत्या, पण त्या रचणे जाणकारांनाच जमत होते. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स या तरुणाने पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणात एक साधन दाखवले. त्याचे नाव डॉकर. त्याची डॉटक्लाउड ही कंपनी इतरांची वेब अॅप्लिकेशन आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचा धंदा करत होती आणि त्या धंद्यासाठी घडवलेले हे अवजार तिने सर्वांना खुले करून टाकले. अवजार इतके गाजले, की मूळ धंदा बाजूला पडला आणि कंपनीनेच डॉकर हे नाव घेतले.

डॉकर म्हणजे गोदी कामगार. नाव अगदी समर्पक होते. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ पेट्या पाठवल्या, तेव्हापर्यंत जगभरच्या गोद्यांमध्ये पोती, पिंपे, खोकी एकेक करून पाठीवर वाहिली जात. पेटी प्रमाणित झाल्यावर आत काय आहे याची क्रेनला फिकीर राहिली नाही. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले ते अशा पेट्यांचे युग गृहीत धरूनच, आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांचा माल तिकडे का गेला हे मुंबईकरांना निराळे सांगायला नको. सॉफ्टवेअरच्या पेटीचे गमकही हेच आहे: आत पायथन आहे की जावा, हे सर्व्हरला कळण्याची गरज उरत नाही. पेटी चालू करा आणि बंद करा, एवढे दोनच हुकूम त्याला समजले की पुरे.

पेटी भरते कशी?

पेटी भरण्याची पाककृती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. पहिली ओळ पाया सांगते: अमुक आवृत्तीच्या पायथनसह तयार असलेली, आटोपशीर लिनक्सची पेटी घ्या. पुढच्या ओळींत देवनागरी टंक बसवा, भारतीय वेळ लावा, यादीतील लायब्ररी उतरवून घ्या, आपल्या फायली आत ठेवा, आणि पेटी उघडताच हा प्रोग्राम सुरू करा. जुन्या पुस्तिकेत जे होते तेच, पण आता ते माणसाने वाचायचे नसून यंत्राने पाळायचे असते. आणि पन्नासदा नव्हे, एकदाच. जे काही उतरवायचे ते पेटी भरताना. पेटी बंद झाल्यावर सर्व्हरने बाहेर कुठे धावायचे नाही. या बंद पेटीला इमेज म्हणतात आणि तिच्यावरून चालू झालेल्या प्रतीला कंटेनर. एका इमेजवरून हवे तितके कंटेनर उठवता येतात आणि तेही क्षणार्धात, कारण नवी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची नसते. कर्नल यजमानाचा, बाकी बिऱ्हाड विंचवाचे, पाठीवर.

पाककृतीतल्या प्रत्येक पायरीचा एक थर होतो, आणि या थरांमध्येच डॉकरची खरी हुशारी होती. सर्व्हरपाशी खालचे थर आधीच असतील तर फक्त वरचा बदललेला थर पाठवावा लागतो. म्हणून जाणते लोक क्वचित बदलणारे थर, म्हणजे पाया, टंक, लायब्ररी, खाली ठेवतात आणि रोज बदलणाऱ्या स्वतःच्या फायली सर्वात वर. नवशिका हाच क्रम उलटा लावतो आणि मग एक अक्षर बदलले तरी शेकडो मेगाबाइट पन्नास ठिकाणी का जातात, असा त्याला प्रश्न पडतो.

प्रत्येक इमेजला तिच्या आशयावरून गणिताने काढलेला एक ठसा असतो, ६४ अक्षरांचा. आतली एक बाइट जरी हलली तरी ठसा पार बदलतो. दोन सर्व्हरवर एकच सॉफ्टवेअर आहे का, हा प्रश्न मग मतांचा राहत नाही. ठसे ताडून पाहिले की झाले. नाइटच्या आठव्या सर्व्हरचा ठसा उरलेल्या सातांहून निराळा दिसला असता. येथे एक सापळा मात्र आहे. ठसा लांबलचक असल्याने लोक इमेजला सोपी नावे देतात आणि त्यांत ‘लेटेस्ट’ हे नाव अतिशय लोकप्रिय आहे. हे नाव आज एका पेटीवर असते, उद्या दुसरीवर चिकटवता येते. सोमवारी सुरू केलेले चाळीस कंटेनर आणि गुरुवारी वाढवलेले दहा, दोन्ही ‘लेटेस्ट’च म्हणवतात आणि प्रत्यक्षात भिन्न असतात. इतकी यातायात करून पुन्हा पहिल्या पायरीवर येण्याचा हा राजमार्ग आहे.

आत काय भरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. डेटाबेसचा परवलीचा शब्द पेटीत घालणे म्हणजे घराची किल्ली कुलपाला बांधून ठेवणे. पुढच्या थरात तो पुसला तरी खालच्या थरात तो असतोच आणि इमेज हाती लागलेला कोणीही तो वाचू शकतो. चाचणीच्या सर्व्हरवर एक डेटाबेस, खऱ्या सर्व्हरवर दुसरा, असे जे जे जागेनुसार बदलते ते पेटी उघडताना बाहेरून द्यायचे असते. अमेरिकेतील हेरोकू या कंपनीच्या अभियंत्यांनी अशा बारा नियमांची एक संहिता २०११ मध्ये, म्हणजे डॉकरच्याही आधी, प्रसिद्ध केली होती. तिचा आधार आजही घेतला जातो. ग्राहकांनी चढवलेली कागदपत्रे, छायाचित्रे हीसुद्धा पेटीबाहेर हवीत. कंटेनर मिटवला की त्याच्या पोटात लिहिलेले सारे त्याच्यासोबत जाते. नवख्या चमूंपैकी अनेकांना हे पहिली फाइल गमावल्यावर कळते.

पन्नास सर्व्हर, एक आज्ञा

पेट्या झाल्या, पण त्या पन्नास यंत्रांवर मांडायच्या कोणी? गुगलमध्ये हे काम ‘बोर्ग’ नावाची अंतर्गत यंत्रणा पूर्वीपासून करत होती. त्या अनुभवावर आधारलेले कुबरनेटिस हे खुले सॉफ्टवेअर गुगलने जून २०१४ मध्ये जाहीर केले. हा ग्रीक शब्द आहे. अर्थ सुकाणू धरणारा. त्याची रीत जुन्या पद्धतीहून मुळातच निराळी आहे. ‘हे कर, मग ते कर’ असे त्याला सांगायचे नसते. ‘अमुक ठशाच्या इमेजचे पन्नास कंटेनर सदैव चालू असावेत’ एवढी इच्छा लिहून ठेवायची. मग ते अखंड पाहत राहते: किती चालू आहेत, कोणत्या इमेजचे आहेत. एखादा सर्व्हर मेला, तर त्याच्यावरचे कंटेनर ते दुसरीकडे उठवते. इच्छेतला ठसा बदलला, की जुने कंटेनर थोडेथोडे काढून नवे बसवते. वेगळे काही सांगितले नसेल तर एका वेळी पाव हिश्शाहून अधिक खंड पडू देत नाही, आणि नवा कंटेनर ‘मी तयार आहे’ असे सांगेपर्यंत त्याच्याकडे ग्राहक वळवत नाही. सातांवर चढवले आणि आठवा विसरला, असे होण्यासाठी येथे कोणी विसरणारा माणूसच मध्ये नसतो.

मग २०१२ मध्ये ही साधने असती तर नाइट कॅपिटल वाचली असती का? सकाळचा अपघात बहुधा टळला असता. पण त्याच्या मागचे निर्णय टळले नसते. जुनी खूण नव्या कामाला वापरणे, मृत आज्ञावली तशीच ठेवणे, या चुका पेटीच्या आतल्या आहेत. आणि संकट आल्यावर ‘आधीच्या पेटीकडे परत चला’ असा हुकूम दिला गेला असता, तर तो आठही ठिकाणी क्षणात पाळला गेला असता. आधीच्या त्या पेटीत ‘पॉवर पेग’ होते, आणि खूण बाहेरून येतच राहिली असती. म्हणजे जे काम त्या दिवशी अभियंत्यांनी धावपळ करून केले, तेच यंत्राने अधिक चोखपणे केले असते.

मागे फिरणे सोपे आहे, ही या तंत्राची सर्वाधिक केली जाणारी जाहिरात आहे आणि तीच सर्वात फसवी आहे. पेटी मागे नेता येते, डेटाबेस नेता येत नाही. समजा नव्या आवृत्तीने ‘पत्ता’ हा रकाना काढून रस्ता, शहर आणि पिनकोड असे तीन रकाने केले. कंटेनर थोडेथोडे बदलले जात असताना काही काळ जुनी व नवी आवृत्ती एकाच डेटाबेसवर एकत्र नांदत असतात. जुनी ‘पत्ता’ शोधते, तो नसतो, आणि ती कोसळते. म्हणून जाणकार हे काम तीन वेळा विभागून करतात. आधी नवे रकाने घालायचे, पण जुना ठेवायचा आणि दोन्हींत लिहायचे. मग जुन्या नोंदी नव्या रकान्यांत उतरवून वाचनही तिकडे वळवायचे. आणि सर्वत्र नवी आवृत्ती स्थिरावल्यावर काही दिवसांनी जुना रकाना काढायचा. कंटाळवाणे आहे, पण कोणतीही पेटी ही जबाबदारी उचलत नाही.

बंद पेटीतले शिळे अन्न

दुसरी अडचण काळाची. सर्व अॅप्लिकेशन एकाच यंत्रावरची सामाईक लायब्ररी वापरत असत, तेव्हा तिच्यात भोक सापडले तर यंत्रावर एकदा ठिगळ लावून बरेचसे काम भागे. आता प्रत्येक पेटीत तिची स्वतंत्र प्रत असते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या, नोंदी ठेवणाऱ्या, अत्यंत प्रचलित लायब्ररीत असे भोक सापडले, की बाहेरच्या माणसाने एक विशिष्ट मजकूर पाठवला तरी सर्व्हर त्याच्या ताब्यात जावा. तेव्हा जगभरच्या कंपन्यांपुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. ही लायब्ररी आपल्या कोणकोणत्या पेट्यांत आहे, हाच होता. वॉर फायली, त्यांच्या आत लायब्ररी, त्यांच्या आत आणखी लायब्ररी, आणि हे सारे इमेजच्या आत! ज्यांनी भरतानाच प्रत्येक पेटीतील मालाची यादी करून ठेवली होती त्यांचे काम लवकर आटोपले. बाकीच्यांचा नाताळ पेट्या उसकण्यात गेला. पेटी बंद केली म्हणजे काम झाले असे नसते. एकही ओळ बदलली नसली तरी ताजा पाया घेऊन ती ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागते.

भिंतीही अभेद्य नाहीत. कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या मूळ साधनातच फेब्रुवारी २०१९ मध्ये असे छिद्र आढळले, की आतला प्रोग्राम भिंत फोडून यजमानाच्या यंत्रावर ताबा मिळवू शके. कर्नल सर्वांचा एकच असल्याने हा धोका या रचनेतच आहे, आणि म्हणून परक्यांची, अविश्वासू आज्ञावली चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या आजही कंटेनरभोवती हलक्या आभासी यंत्राचे आणखी एक कुंपण घालतात.

गंमत म्हणजे ‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे वाक्यही मागील दाराने परत आले. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने आपल्या संगणकांत इंटेलऐवजी स्वतःचा, एआरएम घराण्याचा प्रोसेसर घातला. त्यावर भरलेली पेटी नेहमीच्या इंटेल जातीच्या सर्व्हरवर नेली, की ती सुरूच होईना. दोन्ही प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी. आता दोन्ही जातींसाठी पेट्या भरून त्या एकाच नावाखाली ठेवण्याची सोय झालेली आहे, पण ती वापरायला हवी हे माहीत असावे लागते.

साऱ्यांनाच हा थाट हवा असेही नाही. गावातल्या ग्रंथालयाचे किंवा लहान दुकानाचे संकेतस्थळ एका सर्व्हरवर, फायली चढवण्याच्या जुन्या पद्धतीने सुखाने चालते. त्यासाठी कुबरनेटिस मांडणे म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला अश्वमेधाचा मंडप. ‘गो’ या भाषेत लिहिलेले अॅप्लिकेशन तर एकाच स्वयंपूर्ण फाइलमध्ये बांधता येते. ती फाइल हीच पेटी.

ज्या कंपनीने ही पेटी लोकप्रिय केली तिचे पुढे काय झाले? पेटीची रचना कोणा एकाच्या मालकीची राहू नये म्हणून जून २०१५ मध्ये डॉकर, गुगल, रेड हॅट आदी कंपन्यांनी मिळून तिचे खुले मानक ठरवण्याचे काम सुरू केले. डॉकरला आपल्या लोकप्रियतेचे पुरेसे पैसे करता आले नाहीत आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने मोठ्या कंपन्यांना सेवा देणारा आपला विभाग मिरँटिस या कंपनीला विकला. वर्षभराने तिने आपल्या सार्वजनिक भांडारातून निनावीपणे इमेज उतरवण्यावर दर सहा तासांना शंभराची मर्यादा घातली, तेव्हा एकाच पत्त्याआडून पन्नास सर्व्हर चालवणारे अनेक जण अडकले आणि स्वतःचे भांडार ठेवू लागले. मे २०२२ मध्ये कुबरनेटिसने डॉकरशी थेट जोडणी काढून टाकली. आपल्या सर्व पेट्या आता निरुपयोगी होणार अशी भीती त्यापूर्वी बरेच महिने पसरली होती. प्रत्यक्षात ज्यांची साधने डॉकरच्या अंतर्गत दारावरच टेकलेली होती त्यांना ती बदलावी लागली. इमेज मात्र, डॉकरने भरलेल्यासुद्धा, एकही बाइट न बदलता आणि त्याच ठशानिशी नव्या चालकाखाली चालू राहिल्या.